साखळी तुटू नये म्हणून

४ ऑक्टोबर, शनिवार

पडलो. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच झाडूवर. म्हणजे आपोआप फिरून केर काढणाऱ्या त्या गोल यंत्रावर, ज्याची गेल्याच आठवड्यात मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर तोंड भरून स्तुती केली होती — 'घरातला एक माणूस मोकळा होतो.' झालो मोकळा. उजवा घोटा टम्म सुजलाय. हाडांचे डॉक्टर म्हणाले, महिनाभर धावायचं नावसुद्धा काढू नका.

पण साखळीचं काय? रोज किमान तीन किलोमीटर, एकही दिवस न चुकता. घड्याळ मोजतं, फोनवर हिरवी खूण येते, ती सगळ्या गटाला दिसते. आज सकाळी ३४० झाले. वर्षाला फक्त पंचवीस कमी! आमच्या धावणाऱ्यांच्या गटात वर्षभराची साखळी एकट्या कॅप्टनची आहे आणि तो ती कुणाला विसरू देत नाही. माझ्या रोजच्या टिपांचे वाचक एकोणतीस, त्यातला एक मेव्हणा. पण त्या एकोणतीस जणांना मी सांगून बसलोय, २९ तारखेला ३६५ होणार म्हणून.

५ ऑक्टोबर, रविवार

तोडगा निघाला, आणि तो हिने काढला. "द्या इकडे ते घड्याळ, मी येते पळून. नाहीतर महिनाभर तुमचं हे तोंड बघत बसायचं." बावन्न वर्षांत बससाठीसुद्धा धावलेली नाही. तरी गेली, मुलीचे जुने बूट घालून. चालत, पळत, थांबत, चौतीस मिनिटं. हिरवी खूण आली — ३४१.

याला फसवणूक म्हणता येणार नाही. घर एक, नोंद एक.

९ ऑक्टोबर, गुरुवार

हिला सांगितलं, घड्याळ काढूच नकोस, पावलंही मोजली जातात. "म्हणजे फरशी मी पुसायची आणि चाललात तुम्ही?" बोलायला काय जातंय. पण काढलं नाही.

घड्याळाची थरथर बंद केली, तिला दचकायला होतं. सूचना आता फक्त माझ्या फोनवर. यावर टीपही लिहिली — 'मनगटाला शांत राहू द्या.' चार जणांना आवडली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझी वेळ तेवीस मिनिटं. माझी म्हणजे हिची. पण नोंद माझी. कॅप्टनचा निरोप आला, "या वयात एवढा वेग कुठून आणलास?" मी लिहिलं, शिस्त.

हिला तिखटमीठ लावून वाचून दाखवलं. हसली. मग म्हणाली, "तुम्ही खूश आहात ना, मग झालं."

१९ ऑक्टोबर, रविवार

फोनवर काहीतरी आलं — 'तुमच्या हृदयाचे ठोके अनियमित आढळले.' बाजूला सारलं. हल्ली यंत्रं फार काळजी करतात. फ्रीजसुद्धा दार उघडं राहिलं की रडतो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ही पळून आली ती बूट न काढता सोफ्यावर आडवी. "धाप लागते हो हल्ली. मधूनच छातीत फडफडल्यासारखं होतं." म्हटलं, नव्याने पळणाऱ्याला व्हायचंच, नाकाने श्वास घे. लगेच टीपही सुचली, लिहून टाकली. चहा मलाच करावा लागला.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

तीच सूचना, दोन दिवसांत तीनदा. खाली लाल अक्षरांत — 'डॉक्टरांचा सल्ला घ्या.' ऑफिसात बसल्या बसल्या घाम फुटला. मनगट धरून ठोके मोजले, दर वेळी वेगळे आले. दोनदा मध्येच विसरलो, तो भाग वेगळा.

भीती वाटते. इथे लिहायला काय लाजायचं. हिला यातलं काही बोललो नाही, उगाच घाबरेल. मी गेलो तर ही काय करील? विजेचं बिल कुठे भरायचं, कुठला पासवर्ड कशाचा, काही म्हणजे काही ठाऊक नाही तिला. संध्याकाळी सगळे पासवर्ड एका वहीत लिहून काढले. हिने विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, टीप आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं ठीक! हृदयाचा आलेख काढला, घोट्यामुळे फिरत्या पट्ट्यावर चालवता येईना म्हणून सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे. कधी धडधडल्यासारखं वाटलं?" मला कधीच नाही. "घड्याळ बघू तुमचं." म्हटलं, घरी राहिलं. "मग ते घड्याळच बदला."

घरी येऊन हिला सांगितलं, छाती तपासून आलो, काही नाही निघालं. भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी खुर्चीत बसली आणि रडली. "सांगायचं नाही का हो आधी? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे..." खूप वेळ दम खात बसली होती. फार जीव लावते. माझ्या लक्षात राहत नाही ते.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा लेख — 'यंत्रावर आंधळा विश्वास नको.' चांगला उतरलाय. आजवरचा सर्वात जास्त वाचला गेलेला, त्रेचाळीस जणांनी. मेव्हण्याने तीनदा उघडला असावा. ती सूचना कायमची बंद करायचा पर्याय काही सापडत नाहीये, सोमवारी बघतो.

३६१. चार राहिले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सहा चाळीसला पुन्हा सूचना. ठोके १८४, अनियमित. मी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून खुर्चीत बसलो होतो. बसलेल्या माणसाचे १८४ कसे, म्हणून घड्याळ बघायला हात वर केला. मनगट रिकामं. तीन आठवडे रिकामंच आहे.

तसाच ओल्या पायांनी धावलो. मैदानाच्या कडेच्या बाकावर बसली होती, चेहरा पांढराफटक, हात छातीवर. आता दवाखान्यात आत तिची तपासणी चालू आहे, मी बाहेर बसून हे लिहितोय. बाकावर मला बघून पहिलं वाक्य बोलली ते हे —

"रागावू नका. तुमचे आठशे मीटर राहिलेत."