अकोल्याच्या उन्हात कोट

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि आता माझ्या केसांना मेंदी लागते, त्यामुळे हे लिहिणारी मुलगी किती वर्षांची समजायची ते तुम्हीच ठरवा. आधी माझं काम सांगते, म्हणजे गोंधळ कळेल. पुण्याची एक कंपनी मोबाइलवर खेळायचा गेम बनवते. त्यात एक नसलेलं जग आहे, आणि त्या जगातल्या गावांची, घाटांची, बाजारांची वर्णनं मी अमरावतीत जेवणाच्या टेबलावर बसून लिहिते. तुम्ही म्हणाला असता, "नसलेल्या गावाचं काय लिवतं वं?" सुरुवातीला मलाही कळत नव्हतं. निळे डोंगर, चांदीचे धबधबे असं काहीबाही लिहून पाठवलं, आणि सगळं परत आलं. वाचून तिथे उभं राहिल्यासारखं वाटत नाही म्हणे.

मग वैतागून मी तुमच्यासारखं लिहिलं. तुम्ही कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांची खरेदीखतं लिहायचात, आणि शेताच्या चार बाजूंना काय आहे ते प्रत्येक खतात यायचंच. मी लिहिलं: या शहराच्या पूर्वेस कधी न आटणारी नदी, पश्चिमेस मुक्या सोनारांची आळी, उत्तरेस राणीने बंद केलेला गाडरस्ता, दक्षिणेस काय आहे ते गावकरी सांगत नाहीत. खेळणाऱ्यांना ते शहर फार आवडलं. मग मी नदीच्या पुलाशी, निंबाखाली, एक अर्जनवीसही बसवला. हरवलेल्या माणसांना त्यांच्या घराच्या चतुःसीमा लिहून देणारा. ते तुम्हीच होतात, हे कंपनीत मी कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीतला तो दिवस तुम्हाला आठवतो का? मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसून कच्चा मसुदा उतरवून काढतेय, आणि उत्तरेच्या बाभळीपुढे मनानेच लिहून टाकते, 'हिच्यावर सुगरणीची सात घरटी आहेत.' तुम्ही वाचता वाचता थांबता. "हे काहून लिवलं?" ज्यांचं शेत ते काका हसून म्हणतात, "राहू द्या ना भाऊ, खरंच हायेत." तुम्ही काही हसत नाही. "पाखरं उद्या उडून गेले तं हद्द कोणाले विचारतीन? जे हाये अन् जे राहीन, तेच लिवाचं." मला इतका राग आला होता की घरी येताना सायकलच्या कॅरिअरवर मी तुमच्याकडे पाठ करून बसले.

आता पुढच्या भागात कंपनीला तो अर्जनवीस मोठा करायचा आहे. तो दिसतो कसा, बसतो कसा, सगळं सोमवारपर्यंत लिहून द्या म्हणाले. मी ठरवलं, इथे तरी मनाचं काही घालायचं नाही. तुम्ही होतात तसेच लिहायचे. आणि लिहायला बसले तर कळेना, की जे आठवतंय ते आधी घडलं होतं की आधी मी गेममध्ये लिहिलं होतं. म्हणून बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला दादाकडे गेले. त्याला विचारलं, बाबांच्या टेबलावर निंबाची सावली असायची ना? "कोणता निंब वं? टिन होते तिथं, टिन. उनाळ्यात डोकं तापून राह्यचं बाबांचं."

दादाचं लक्ष तेव्हा तरी कुठे असायचं, असं म्हणत मी एकटीच जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापाशी, तुमच्या कचेरीच्या जागी गेले. एक म्हातारा चहावाला भेटला. "अर्जनवीस तं लय बसत इथं. तुमचे कोणते?" मी सांगायला लागले: उंच, कानावर पेन, अंगात करडा कोट. म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली. "कोट? अकोल्यात? बाई, कोट घालून इथं माणूस जित्ता राहीन काय?" मीही हसले, चहा प्यायले. कोट गेममधल्या माणसाचा होता. तिथे बर्फ पडतो म्हणून मीच त्याला घातलेला. तो तुमच्या अंगावर कधी चढला, मला समजलंच नाही. मग तुमची उंची कोणाची? पेन कोणाचं? इतकी वर्षं मला वाटत होतं की लिहून लिहून मी तुम्हाला जपतेय. बाबा, मला काहीच कळेनासं झालंय आणि फार वाईट वाटतंय.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, याचं आज बरंच वाटतं, कारण पुढचं तोंडावर सांगवलं नसतं. समोरच्या खोलीत तुमचा फोटो आहे. जाऊन पाहिला की सगळा उलगडा होईल. पण अकोल्याहून आल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही. हार बदलायलाही लेकीला पाठवते. फोटोतला माणूस वेगळा निघाला, आणि तरीही मला तो कोटवालाच माझा बाप वाटला तर?