बावखल बुजवण्याआधी

सातिवली, १० जानेवारी २०२५

ती. जुलियानाताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आमच्या फ्लॉईडच्या हाती पाठवतोय. वाडीतलं बावखल बुजवून रस्ता काढायचा आणि मागे गोडाऊन बांधायचं, एवढंच माझं म्हणणं. त्या पावसाच्या पाण्याच्या डबक्यासाठी तू चर्चच्या आवारात चारचौघांत मला बापाचं नाव बुडवणारा म्हणालीस. तुझ्या वागण्याने मी अगदी डिस्मेड झालोय. सोमवारी भरावाचे डंपर येतील. मध्ये पडू नकोस.

राग आला तर येऊ दे.

तुझा भाऊ,
सिप्रियन

पापडी, ११ जानेवारी

चि. सिप्रियन यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहिलाय, हुरळू नकोस.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि माझ्याच भावाने शब्द असा वापरावा! डिस्मे म्हणजे राग नव्हे. समोरचं बघून मनात भीती शिरते, उमेद गळते, पुढे काय करावं सुचत नाही, तेव्हा तो शब्द वापरतात. पेपर हातात पडल्यावर पोरं डिस्मेड होतात. तू आयुष्यात कोणाला भ्यालास? तुला नुसता संताप आलाय. त्याला साधे शब्द पुष्कळ आहेत.

बावखलातलं पाणी मुरतं म्हणून विहीर गोडी आहे; ते बुजलं की ती मचूळ होईल. मग चाफा जाईल, केळी जातील, आणि या वाडीत मला राहता येणार नाही. बापाने जागा दोघांच्या नावावर ठेवली आहे. सोमवारी मी काठावर उभी असेन.

अजून तरी तुझीच,
जुलियाना

सातिवली, १२ जानेवारी

ताई,

इंग्रजीचा तास पुरे. उभी राहायचं तर राहा.

सिप्रियन

पापडी, १३ जानेवारी

सिप्रियन,

डंपर आले. मी काठावर उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, मी हलले नाही. मग मागच्या गाडीतून तुझा फ्लॉईड उतरला. त्याला पोहायला मीच शिकवलं, याच पाण्यात. माझ्याकडे न बघता म्हणाला, “आत्या, पप्पांनी सांगितलंय, ती हटली नाही तरी ओता.”

तू खरंच असं म्हणालास का, हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो हो म्हणाला.

डंपरला मी भ्याले नव्हते. त्या वाक्याला भ्याले. माझा भाऊ माझ्या अंगावर माती ओतायला सांगतो, तेही स्वतःच्या पोराकडून. यापुढे भांडायचं कशाच्या जोरावर? मी बाजूला झाले.

संध्याकाळपर्यंत बावखल बुजलं. फ्लॉईड अंगणात पाणी प्यायला. त्याला मी जेवायला थांब म्हटलं नाही.

लोभ मागत नाही.

जुलियाना