बाटलीवरचे संत्रे

गुरुजी, आज एकादशी आहे. देवापुढे पाण्याचा पेला ठेवून, तुम्ही गेल्यानंतर चाळीस वर्षांनी तुम्हाला लिहीत आहे.

एकादशीला तुम्ही फळांखेरीज काही घेत नसा, आणि त्या वैशाखात बाजारातील संत्री संपली होती. उपासाने तुम्हाला भोवळ आली, म्हणून मी आपल्या महाल पेठेतील दुकानातून थंड पेयाची बाटली आणली. तिच्यावर संत्र्याचे चित्र होते. "फळाचा रस आहे," मी म्हणालो. तुम्ही तीर्थ घ्यावे तसे ते घोट घोट प्यायलात आणि हसलात, "बापा, नागपूरच्या माणसाला शेवटी संत्र्यानेच तारलं." उपासाला चालते ते एरवी का चालू नये, म्हणून पुढे बाटली रोजची झाली. पाठ संपतो, मी झाकण काढतो, तुम्ही पेला पुढे करता.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानदार म्हणाला, "गुरुजीले उपासाले हे काहून पाजून राहिला गा? संत्रं फक्त चित्रात आहे. आत साखर, रंग अन् वास." त्याच महिन्यात तुमच्या लघवीत साखर सापडली. डॉक्टरांनी गोड बंद केले. तुम्ही चहातील साखर सोडली, नैवेद्याचा पेढा नुसता डोळ्यांना लावून परत ठेवू लागलात. बाटली मात्र राहिली, कारण ते फळ होते. "इतकं पथ्य पाळता, तरी तहान काहून जात नाही हो?" काकूंनी तुम्हाला विचारले आणि माझ्याकडे वळल्या, "बाळा, उद्यापासून दोन आण."

मी दोन आणल्या. सांगावे, तर वर्षभराच्या एकादश्या माझ्या हाताने मोडलेल्या, आणि त्या कृश देहाने तुम्ही प्रायश्चित्ताला बसणार हे ठरलेले. न सांगावे, तर तीच साखर रोज माझ्याच हाताने. एकदा दुकान बंद होते असे सांगून पाहिले. तुम्ही कोरड्या ओठांनी संध्याकाळपर्यंत ओसरीवर वाट पाहत बसलात. मग तुमच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम चिघळली. "साखरेचा कण जिभेवर ठेवलेला नाही," असे तुम्ही डॉक्टरांना देवाला स्मरून सांगितलेत. आयुष्यात तुमच्या मुखातून निघालेले ते एकच असत्य, आणि ते माझे होते. आधी अंगठा गेला, मग पाय, मग तुम्ही.

तुमचे व्रत जपण्यासाठी मौन धरले, असे मी आजवर स्वतःला समजावत आलो. हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहितो: तसे नव्हते. खरे कळताच तुम्ही मला पाठावरून उठवले असते, आणि उपनिषदाचे दोन अध्याय शिकायचे राहिले होते.

तुम्ही ते दोन्ही शिकवलेत. मला अजून मुखोद्गत आहेत.