डिस्कच्या सुरुवातीची जुनी नोंद

उचगाव, रविवार, नोव्हेंबर २००९

कॉम्प्युटरची मुख्य डिस्क आज नव्या पद्धतीच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कचे कप्पे पाडायच्या नव्या रीतीवर नेली. लग्नपत्रिकांची सगळी कामं त्यातच, म्हणून धाकधूक होती. झालं नीट! पण डिस्कच्या सुरुवातीला जुन्या पद्धतीची एक नोंद नावापुरती ठेवलेली, 'डिस्क भरलेली आहे' एवढंच सांगणारी. का बरं? मग वाचलं, ती नसेल तर जुन्या प्रोग्रामला डिस्क रिकामी वाटते आणि तो सगळं पुसायला निघतो.

आईला सांगितलं, तर म्हणाली, "तुझ्या बाबांच्या चपला मी दारात ठिवतो, तसंच की! घरात गडी माणूस न्हाय, हे लोकांस्नी कशाला कळाय पायजे?"

बाबा गेल्यापासून मला वाटायचं, तिला त्या चपला उचलवत नाहीत. खुळीच मी.

पण मग दर रविवारी ती त्या चपलांना तेल का लावते? आजही लावलं.