चुलीवरची पट्टी

ता. ९ नोव्हेंबर १९५४, मंगळवार

मुरमुरे पडले! भर चौकात!

काल संध्याकाळी मीच भरले होते मामाजीच्या छत्रीत. पावशेर. ऊन असो का पाऊस, त्यायची छत्री संगच राहते. मले वाटलं घरीच उघडतीन. पन आज चौकात मधुकरराव मेंबर मोटारीतून उतरले, मामाजीनं त्यायच्या डोक्यावर सावली धरली — अन् धडाधड! टोपीवर, चष्म्यावर, मिशीत.

मामाजी हासले नाई, रागावलेही नाई. खाली बसले अन् दाना दाना वेचून रुमालात बांधला. घरी येऊन आत्याबाईले, माह्या सासूले, म्हने, "झटकून फोडनी दे. वाया नाई जाऊ द्याचे." मंग माह्याकडे पाह्यलं. "सूनबाई, मुरमुरे आपल्याच घरचे दिसतात."

मी पदर तोंडात कोंबला.

असे माये सासरे, बाबनराव. घरी चार माग, अन् हे वार्डाचे मेंबर. हा कागदही त्यायचाच! मागच्या निवडणुकीची पत्रकं उरली, पाठ कोरी. दोऱ्यानं शिवून मले देल्ली. म्हने, धोब्याचा हिशेब लिव. धोबी कुठचा? कपडे मीच धुते! मंग लिवू काय? हे लिवते. एका आंगाले "पट्टी कमी, काम पक्कं", दुसऱ्या आंगाले मी. पाचवीत दोनदा बसली, तिसऱ्यांदा बसाच्या आधी लगन झालं. चुका असतीन तं असो. कोन वाचते!

ता. ११ नोव्हेंबर, गुरुवार

मुन्सिपाल्टीच्या कमेटीत घरपट्टी वाढवाचं घाटून राहिलं. नवा टाऊन हॉल बांधाचा, वरती मोठ्ठं घड्याळ. मधुकरराव नकाशा बगलेत घेऊन फिरतात. बावीस तारखेले मतं पडनार. मामाजी विरुद्ध.

आज ओसरीवर म्हनत होते, "घड्याळ पाहून माग चालते का गा? सूर्य फुकट हाये!"

सगळे हासले. कोपऱ्यातला जागेश्वर मातर हासला नाई. त्याचे दोन माग, एक बंद. म्हने, "बाबनराव, मागच्या पट्टीले पानी भराचा तांब्याचा गुंड विकला. आता काय विकू, माग?"

मामाजीनं अडकित्ता खाली ठेवला. मंग म्हने, "नाई विकाचा. मी बसलो हावो तिथं."

रात्री हे सांगत होते का दोन्हीकडचे मेंबर सारखे सारखेच हायेत, एका-दोघायवर हाये सगळं. (हे म्हंजे वसंत. तोंडानं नाव घेता येत नाई, कागदावर चालते.)

ता. १२ नोव्हेंबर, शुक्रवार

मी म्हनलं, मामाजी, नळावर भांडनं होतात, दुसरा नळ मांगा ना कमेटीले. मामाजी पान्हा घेऊन गेले, जुन्या नळाची चकती बदलली. कातड्याचा तुकडा, तोही फाटक्या जोड्याचा. पानी दुप्पट! बायका तोंडावर हात ठेवून पाहातच राह्यल्या. मलेच लाज वाटली का गर्व वाटला, समजलं नाई.

ता. १३ नोव्हेंबर, शनिवार

मामाजी खाप्याले गेले, बहिनीकडे. शुक्रवारी येतीन. घरात कोनी "दिवा बारीक कर" म्हननारं नाई!

भिंतीपलीकडे प्रयागकाकी जात्यावर गात होती. गळा गोड, जीभ तिखट. थे मामाजीचे लहाने भाऊ रुपराव, त्यायची बायको. घर एकच, पन मधात भिंत अन् चुली दोन. सहा वर्षं झाले. मी यायच्या आधीची गोष्ट. काकीच्या पोरीच्या लग्नात मामाजी पंगतीत उभे राहून लाडू मोजून वाढाले लागले. "दोन दोन. उरले तं मांगा." वऱ्हाडी तोंड वाकडं करून उठले. काकीनं त्याच संध्याकाळी आपली चूल येगळी मांडली. तवापासून दोघी जावा एकमेकीशी बोलत नाई. भाऊही भावाशी नाई.

मी बोलते. भिंतीत एक विटकर सैल हाये, तिथून. काकी तिकडून चिंच देते, मी इकडून बातम्या.

ता. १४ नोव्हेंबर, रविवार

आज कमाल केली!

नळावर पंचफुला नेहमीसारखी मधात घुसली. मले म्हने, "काय वं, मेंबरची सून? कमेटीत काय चालू हाये?" मी घागर खाली ठेवली. तोंड असं केलं जसं कोनी मेलं. म्हनलं, "काय सांगू बाई. आता चुलीवर पट्टी बसनार."

"चुलीवर?"

"घरावर नाई, चुलीवर. जितल्या चुली तितली पट्टी. कारकून घरोघरी येऊन राख मोजनार."

नळ वाहून राहिला, घागर भरून सांडून राहिली, कोनी बंद करेना! सखूबाईच्या घरी तीन सुनांच्या तीन चुली. तिनं तिथंच कपाळाले हात लावला. "माय वं! राखसुद्धा?"

"गरम असली तं दुप्पट," मी म्हनलं.

काकीही होती रांगेत. मले वरून खाली पाह्यलं अन् घागर उचलून चालली गेली.

घरी येऊन उशीत तोंड घालून हासली. पोट दुखलं.

ता. १५ नोव्हेंबर, सोमवार

सखूबाईनं दोन चुली फोडल्या. तीन सुना एका चुलीवर! आवाज चौकापर्यंत येते.

ता. १७ नोव्हेंबर, बुधवार

आता हासू येत नाई तितलं. गल्लीत सकाळी धूर कमी दिसते. पंचफुलाची सासू चार वर्षांनी सुनेच्या हातचं जेवली म्हने, वरून मीठ जास्त म्हनाली. जागेश्वरच्या म्हाताऱ्या मायची येगळी चूल होती, तीही विझली. ती मातर पदरानं डोळे पुसत होती. तिची चूल तिच्या नवऱ्यानं मांडून देल्ली होती.

हे मले माहीत नव्हतं.

अन् गोष्ट पार शहराच्या त्या टोकाले, जरीपटक्याच्या बाजारात गेली! हे मिलमधून ऐकून आले. मी तं नळाच्या पलीकडे गेलीच नाई!

पन खरी गोष्ट दुपारची. दार वाजलं. काकी! डोक्यावर पिठाचा डबा, हातात तवा. मांगं रुपरावकाकाजी, काखेत लाकडं. आत्याबाई चुलीपुढं दगडासारख्या बसल्या.

काकी तव्याकडे पाहून बोलली, "कमेटीले पट्टी द्याची नाई म्हनून आली. भांडन हाये तसंच हाये."

आत्याबाई चुलीकडे पाहून बोलल्या, "भांडन कोन सोडते? तवा इकडे ठेव. तो डावा दगड हालते."

"माहीत हाये. मीच बसवला होता."

मी पीठ भिजवत बसली, मान वर केली नाई. दोघी माह्यामार्फत बोलल्या. "सूनबाई, तिले सांग, भाकर करपून राहिली." "सूनबाई, तिले सांग, मले डोळे हायेत." चार भाकरीनंतर मले मधात घ्याचं विसरल्या!

ता. १९ नोव्हेंबर, शुक्रवार

मामाजी आले. हातपाय धुऊन आत गेले, तं पाटावर काकाजी. दोघंही थबकले. मामाजी बाजूच्या पाटावर बसले. किती तरी वेळ नुसता वरनाचा भुरका. मंग काकाजी म्हने, "दादा, मीठ सरकवा." मामाजीनं सरकवलं. सहा वर्षांत इतलंच!

हात धुतानी त्यायनं आत्याबाईले विचारलं, हे कसं झालं. आत्याबाईनं चुलीवरची पट्टी सांगतली. मामाजी म्हने, "असा ठराव नाई. माह्यापासून लपवला काय?" तसेच, ओल्या हातानं छत्री घेऊन निंघाले, कमेटीच्या कचेरीत.

छत्रीत आज काही नव्हतं.

ता. २० नोव्हेंबर, शनिवार

मधुकरराव सांगत फिरून राहिले का बाबनरावनंच अफवा उठवली, लोकायले भडकवाले. दोन मेंबर मामाजीच्या बाजूचे होते. थे म्हनतात, खोट्याच्या संग आम्ही नाई.

मामाजी ओसरीवर बसले होते. पान नाई, सुपारी नाई. "मी बावीस वर्षं बोलून राहिलो, एक अक्षर खोटं नाई. अन् हे!"

मी समोर जाऊन उभी राहिली. म्हनलं, "मामाजी, नळावर मी बोलली. चेष्टेनं."

वाटलं, आता उमरेडले माहेरी धाडतीन. मामाजीनं मले समोर बसाले सांगतलं. मंग म्हने, "सूनबाई, खोटं बोलून वाचवलेला पैसाही चोरीचाच असते." लगेच विचारलं, "गल्लीत चुली किती होत्या? किती विझल्या? घरोघरी जा. खरं काय थे सांग, अन् चुली मोजून आन."

"मी एकटी?"

"बोलली तवा किती जनी होत्या?"

ता. २१ नोव्हेंबर, रविवार

बोलनी खाल्ली! पंचफुला — "तुया तोंडात राख!" सखूबाई हातात कोयला घेऊन मांगं धावली, "गरम असली तं दुप्पट काय वं?" अन् मंग सोताच हासत खाली बसली. दोन सुना लगेच माती भिजवाले लागल्या, तिसरी मोठीच्या चुलीपाशी बसून राह्यली. जागेश्वरच्या मायले मी सोता चूल मांडून देल्ली. वाकडी झाली. म्हातारी म्हने, "त्यायचीही वाकडीच होती."

त्रेचाळीस होत्या. आठ दिवसात एकोनतीस झाल्या. चौदा विझल्या.

सगळ्यायले सांगतलं. काकीले नाई सांगतलं. ती आत्याबाईच्या डोक्यात तेल घालून राहिली होती. जीभच उचलली नाई.

ता. २२ नोव्हेंबर, सोमवार

हे रजा टाकून कमेटीत ऐकाले गेले होते. सांगतलं तसं लिवते.

मामाजी उभे राह्यले. म्हने, "अफवा माह्या घरातून निंघाली. माह्या सुनेनं चेष्टा केली. मी माफी मांगतो." मधुकरराव हासले. मामाजी थांबले, हासू संपू देल्लं. मंग म्हने, "आमच्या गल्लीत त्रेचाळीस चुली होत्या. चौदा विझल्या. पट्टी खोटी होती, विझलेल्या चुली खऱ्या होत्या. एकानंही विचारलं नाई का पट्टी किती — पैसा का आना? नुसतं नाव ऐकून चूल फोडली. अशा लोकायपासून तुमी घड्याळाचे पैसे मांगता?"

मंग हात वर झाले.

सतरा विरुद्ध पंधरा. वाढ पडली, पट्टी हाये तितलीच! थे दोघं परत आले.

जिन्यात मधुकरराव मामाजीले म्हने, "बाबनराव, हॉल मी बांधनारच, आज नाई तं उद्या. पन तुमच्या छत्रीखाली पुन्हा उभा नाई राहनार."

जागेश्वर घरी आला. ओसरीवर बसून मामाजीची सुपारी कातरून देल्ली अन् गेला.

ता. २३ नोव्हेंबर, मंगळवार

मामाजी बाजारातून बुंदीचे लाडू घेऊन आले! पुडा आत्याबाईले नाई, सरळ काकीच्या हातात देल्ला. "तुमी वाढा."

काकीनं पुडा हातावर तोलला. सहा वर्षांनी पयलं वाक्य त्यायच्याशी, "मोजून आनले असतीन."

"तोलून आनले. मोजले नाई."

काकीनं त्यायच्याच पानात चार टाकले. मामाजीनं निमूट खाल्ले. डोळ्यात पानी आलं, म्हने ठसका लागला.

पन माया जीव थाऱ्यावर नाई. खोटं होतं, हे साऱ्या गल्लीले माहीत झालं. काकीले कोनीतरी सांगनच. मंग ती तवा उचलून भिंतीपलीकडे जाईन. उद्या मीच सांगते.

ता. २४ नोव्हेंबर, बुधवार

सांगाले गेली. काकी आपल्या घरची चूल फोडून माती तुळशीत टाकून राहिली होती. मी म्हनलं, "काकी, पट्टी नव्हतीच. मी खोटं बोलली होती." काकीनं हात झटकले. "मले नळावरच समजलं होतं. खोटं बोलतानी तुयी डावी नाकपुडी हालते."

"मंग जरीपटक्यात कोनं सांगतलं?"

"मी. अर्धा दिवस पायी फिरली बापा. एका गल्लीनं तुया आत्याबाईले कुठं खरं वाटलं असतं?"