रोजच गुरुवार

३० जून, रविवार
बाबांची बदली गुवाहाटीला झाली. आई-बाबा काल गेले, मी कॉलेजसाठी इथेच, सियालदाजवळच्या मेसमध्ये. खोलीचं भाडं बाबा परस्पर भरणार. जेवणाचे पाच हजार दरमहा माझ्या खात्यात येणार.

आज मेसचं जेवण बंद केलं. पणजोबा पुण्यात वार लावून जेवले आणि वकील झाले. सात वार, सात घरं, खर्च शून्य. कलकत्त्यात मराठी घरं आहेत, मराठी घरात दुपारचं जेवण असतं, मीही मराठी आहे. आख्ख्या बी.कॉम.च्या वर्गात हे कुणाला सुचलेलं नाही. सगळे पैसे एसआयपीत टाकायचे. रात्री मुडी, म्हणजे इथले कुरमुरे. पंचविसाव्या वर्षी निवृत्ती.

१ जुलै, सोमवार
सोमवार लागला. खिदिरपूरचे केदारकाका, कस्टम्समधले, बाबांचे मित्र. काकू म्हणाल्या, ये रे जेवायला कधीही. कधीही म्हणजे दर सोमवारी, असं मी धरलं आहे.

४ जुलै, गुरुवार
गुरुवार सरलामावशींकडे. बाबूघाटावरून लाँचने पलीकडे हावडा, तिथून शिवपूर. आईच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या. जन्म इथलाच, शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, एकट्या राहतात. अळूचं फदफदं, पोळ्या, शेवटी दहीभात. जेवताना मला चक्रवाढ व्याजाचं गणित तोंडी घातलं. माझं उत्तर चुकलं. त्यांचं बरोबर आलं असावं.

निघताना त्यांच्या मुलीचा, देवयानीताईंचा, बंगळूरहून फोन आला. मावशींनी फोन माझ्याच हातात दिला. ताई म्हणाल्या, घरात आपलं माणूस येतंय हे ऐकून जिवात जीव आला. आई स्वतः काही सांगायची नाही. काही वेगळं दिसलं तर लगेच कळव, मी तिला इकडे घेऊन येईन. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

१५ जुलै, सोमवार
केदारकाकांनी विचारलं की मेसमध्ये काही अडचण आहे का, बाबांशी बोलू का. सोमवार रद्द. लोकांना नसत्या चौकशा फार. दुसरा सोमवार शोधायला हवा.

८ ऑगस्ट, गुरुवार
आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, भाजीत अजिबात नव्हतं. दोन्ही कालवून खाल्लं. फुकट ते पौष्टिक.

मावशी आज मला वसंता म्हणाल्या. वसंता त्यांचा धाकटा भाऊ. भिंतीवर त्याचा फोटो आहे, हार घातलेला. वय झालं की नावांची सरमिसळ व्हायचीच. भावाला तूप मात्र सढळ हाताने वाढतात, तेव्हा मी काही बोललो नाही.

३० ऑगस्ट, शुक्रवार
काल पावसामुळे लाँच बंद होती म्हणून आज गेलो. उशिराबद्दल सॉरी म्हणणार तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, गुरुवार कधी चुकवत नाहीस, शहाणा आहेस. मी दुरुस्ती केली नाही. मोठ्या माणसांना सारखं दुरुस्त करू नये.

उद्या पुन्हा जाऊन बघणार.

३१ ऑगस्ट, शनिवार
गेलो. पुन्हा गुरुवार निघाला. कालचंच कौतुक, कालच्याच उत्साहाने वाढलं. म्हणजे त्या घरात रोजच गुरुवार असतो. बाकीची घरं शोधायची गरजच उरली नाही. जाता-येता लाँचचं भाडं पडेल, पण भांडवलाशिवाय धंदा होत नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार (खरा)
मावशींनी दार उघडलं आणि गॅसचा वास आला. शेगडीचा कान फिरवलेला, ज्योत नाही. धावत जाऊन बंद केली, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. एवढं मला कळतं. वळून पाहिलं तर मावशी देवापुढे उभ्या, हातात काडेपेटी, निरांजन लावायच्या बेतात. काडेपेटी काढून घेतली. मी चांगलाच घाबरलो होतो.

ताईंना कळवावं का, याचा लाँचवर नीट विचार केला. कळवलं तर त्या मावशींना बंगळूरला नेणार. आख्खं आयुष्य इथे गेलेल्या माणसाला या वयात असं उपटून नेणं बरं नाही. मावशींच्याच भल्याचा विचार करायला हवा. संध्याकाळी ताईंचाच फोन आला, आई कशी आहे विचारायला. म्हटलं, ठणठणीत.

१० ऑक्टोबर, गुरुवार
दुर्गापूजेची सप्तमी. सगळं शहर देवीचे मांडव बघत हिंडतंय. मित्र एगरोल खात होते, मी नुसता उभा राहिलो. संयम.

शिवपूरला जिन्यात वरच्या मजल्यावरच्या मिताली बौदी, म्हणजे वहिनी, भेटल्या. म्हणाल्या, माशिमांनी (म्हणजे मावशींनी) परवा दूध पार जाळलं, धूर आमच्याकडे आला. बौदींनी सिलिंडरच काढून नेला आहे. आता दुपारी एका माणसापुरता डबा येतो. पूजा झाली की माशिमांच्या मुलीला फोन करणार होत्या. मी म्हटलं, तिला मी सगळं सांगितलंय, ती बघते म्हणाली. बौदींना हायसं वाटलं. त्या फार घाईच्या बाई आहेत. स्वयंपाक बंद झाला, म्हणजे आता धोका कसला?

११ ऑक्टोबर, शुक्रवार
डब्यात भात, डाळ, आलू-पोस्त, म्हणजे खसखशीतले बटाटे. मावशींनी ताट माझ्यापुढे ठेवलं. तुम्ही जेवलात का, असं मी आवर्जून विचारलं. मघाशीच जेवले, म्हणाल्या. प्रश्न मिटला. पोस्त मला हळूहळू आवडायला लागलं आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
मावशींच्या बांगड्या हल्ली कोपरापर्यंत जातात. म्हातारपणी माणूस आटतंच. डबेवाल्याला डाळ जास्त घालायला सांगितली. माझी पँट कमरेत घट्ट होते आहे, एसआयपीही बरी चालली आहे. पुढच्या महिन्यात वजनाकडे लक्ष द्यायचं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
परीक्षेमुळे दोन दिवस खाडा झाला होता. आज दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पलंगावर, उठल्या नाहीत. डबा मीच उघडला, मीच वाढून घेतलं. मी जेवत असताना त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या की वसंता आलाय, त्याला पोटभर वाढा. घरात आम्ही दोघंच होतो. कुणाला सांगत होत्या कळलं नाही. हातातला घास पाण्याबरोबर गिळला, कारण अन्न टाकू नये.

संकल्प: उद्यापासून त्यांना समोर बसवून दोन घास खायला लावायचे. मगच आपण बसायचं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
पोचायला उशीर झाला, भूक फार लागली होती. सोमवारपासून.

३ डिसेंबर, मंगळवार
काल कॉलेजात फेस्ट होता, जाणं झालं नाही. आज दाराला कुलूप. बौदींना फोन केला. माशिमा सकाळी बाथरूममध्ये पडलेल्या सापडल्या, आता नर्सिंग होममध्ये आहेत, देवयानी विमानात बसली आहे. बौदींचा आवाज चिरका झाला होता. मुलगी म्हणते मला कुणीच काही कळवलं नव्हतं, असं काहीतरी सांगत होत्या. रेंज नाही म्हणून मी फोन ठेवला.

डबा उंबऱ्याशी ठेवलेला होता. कुणी नव्हतंच खायला. जिन्यात बसून संपवला.

५ डिसेंबर, गुरुवार
जाऊ नये असं वाटत होतं. पण न जाणं वाईट दिसलं असतं.

डॉक्टर म्हणाले, पडणं हे निमित्त आहे, बाईंच्या पोटात कित्येक आठवडे नीट अन्न गेलेलं नाही. देवयानीताई बौदींकडे बघायला लागल्या. बौदी शपथेवर सांगत होत्या की डबा रोज येत होता आणि रोज रिकामा परत जात होता. माझ्याशी दोघी अजून बोलल्या नव्हत्या. मी खिडकीतून रस्ता बघत उभा होतो.

तेवढ्यात आया मावशींसाठी ताट घेऊन आली, पातळ खिचडी आणि दही. ताईंनी चमचा भरून तोंडाशी नेला. मावशींनी मान फिरवली. त्यांना मी दिसलो. तोंडभर हसल्या, आणि सुई टोचलेल्या हाताने ताट माझ्या दिशेने सरकवलं. वसंता, बस, म्हणाल्या.

बौदींनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताईंच्या हातात चमचा तसाच होता. मी नको म्हणालो असेन, आठवत नाही. हात मात्र पुढे गेला होता.