गोठ्याच्या कोनाड्यातला डबा

माय, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, पण भांडायला मला दुसरं कुणी नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत जेवढं आलं तेवढ्यात लिहितो. इथे सुरतेला कापडाच्या मिलमध्ये माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या गड्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. त्याला बघायला गेलो तर उशाशी पिवळा डबा. झाकण काढलं आणि तोच कडवट, करपलेला वास. मी म्हटलं, हे दुधाचं असतं, लहानपणी महिनाभर प्यालोय. कंपाउंडर हसायला लागला. म्हणाला, दुधाचं कसलं, कलेजीचं आहे. कलेजी आधीच पचवून तिची भुकटी करतात, त्यात अमायनो ॲसिड का काय ते सुटं होतं, म्हणजे आजाऱ्याच्या आतड्याला कष्ट नकोत आणि टाके लवकर भरतात. डब्यावर छापलंच होतं म्हणे. तू माझ्या गळ्यात घातलेली तुळशीची माळ मी हळूच शर्टाच्या आत सारली.

तेव्हापासून गावाकडचं, कोरीटचं घर डोळ्यांसमोरून हलत नाही. नंदुरबारच्या दवाखान्यातून पोटाचं ऑपरेशन करून मला बैलगाडीत निजवून आणलंय, पोटाची जखम काही भरत नाही, अंगावर मांस म्हणून नाही. डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, ते मी पाहिलं होतं. तो डबा तू स्वयंपाकघरात येऊ देत नाहीस, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवतेस. वरचा कागद ओला करून खरवडून टाकलेला. माझी वाटी वेगळी, चमचा वेगळा. मला पाजलंस की आधी विहिरीवर आंघोळ, मगच चुलीपाशी. मला वाटायचं, तुला माझ्या जखमेची किळस येते. एकदा विचारलंच, माय, हाई कसानं शे? तू म्हणालीस, "दूधनं शे. नाक दाबीसन पी."

त्याच दिवसांत आपल्याकडे सालानं राबणाऱ्या भिल्ल सालदाराची बायको फडक्यात बांधून दोन उकडलेली अंडी घेऊन आली. तिचा पोरगा माझा जोडीदार, आम्ही दोघं मिळून गुरं वळायचो. तिनं अंडी ओट्यावर ठेवली, नुसती ठेवली, आणि तू ती उकिरड्यावर भिरकावलीस. "तू मन्हं घर बाटाडं. परत आठे पाय ठेवू नको." ती आल्या पावली परत गेली. महिना संपायच्या आत ते कुटुंब रनाळ्याला दुसऱ्या शेतकऱ्याकडे गेलं, आणि माझा जोडीदारही गेला. त्या संध्याकाळी तू मला तीच वाटी पाजलीस, फुंकर घालून घालून. खोटं बोललीस त्याचा राग नाही, आजारी लेकराशी सगळेच बोलतात. पण डॉक्टरसाहेबानं दिलेली, टिनात बंद केलेली कलेजी औषध, आणि तिच्या कोंबडीचं अंडं विटाळ, हे तुझ्या तोंडून कसं निघालं, माय?

मागच्या होळीला रनाळ्याला जाऊन तिला शोधलं. म्हातारी झालीये, पण बघितल्याबरोबर म्हणाली, "पोट भराई गयं का रे, भाऊ?" पोरगा कामाला गेलेला, भेटला नाही. मी तिला डब्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं ती तुला शिव्या देईल. ती शेंगा सोलत राहिली आणि म्हणाली, "गोठा मीच झाडू ना. वास उना तवयच समजनं. आजारी पोऱ्याले चालस असं वाटनं, म्हनीसन अंडा लई उनू."

म्हणजे गोठा झाडताना आलेल्या वासावरूनच तिला ठाऊक होतं, म्हणून तर ती अंडी घेऊन आली, आणि तिला ठाऊक आहे हे त्या दिवशी तुलाही कळलं असणार. म्हणूनच ती तुला घरात नको होती ना? आणि तिनं तर गावात एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. तुझी माळ तिनं सांभाळली.

हे पत्र कुठे टाकायचं? घडी करून पेटीत ठेवतो. एक मात्र सांगायचं राहिलं. निघताना तिनं अंडं उकडलं, सोलून, मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं. तिच्या हातचं खायलाच मी इतक्या लांब गेलो होतो. तोंडापर्यंत नेलं, आणि पुन्हा तिच्या ताटलीत ठेवलं. म्हटलं, "माले चालत नही." ती म्हणाली, माहीत शे, आणि ताटली आत घेऊन गेली.